सहावा देव

दारव्ह्याच्या बसस्टँडवरून बाजाराकडे वळलं की रसवंतीला लागून महादेवभाऊंचं टेलरिंगचं दुकान होतं. पाटी नव्हती. निम्म्या गावच्या पोरांच्या शाळेच्या चड्ड्या त्यांच्याच हातच्या, तेव्हा पाटी हवी कुणाला? गळ्यात टेप, कानामागे खडू आणि ओठ सतत हलते. गिऱ्हाईक समोर उभं असलं तरी ते मनातल्या मनात कुणाशी तरी बोलत असायचे.

ख्रिस्ती माणसाचं नाव महादेव कसं, असं नवा माणूस हमखास विचारी. बाप्तिस्म्याच्या वेळी तेव्हाच्या पाळकांनी त्यांच्यासाठी शास्त्रातली दोन-तीन भारदस्त नावं काढून ठेवली होती म्हणे. महादेवभाऊंनी ती ऐकून घेतली आणि म्हणाले, "नाव मायनं ठेवलं, साहेब. ते राहू द्या." हा किस्सा ते हसत सांगायचे, म्हणून कितीतरी वर्षं मीही हसलो. आता तो आठवला की हसू येत नाही.

मी इथल्या हायस्कूलात मराठी शिकवतो आणि रविवारी मंडळीत पेटी वाजवतो. महादेवभाऊ माझ्यापेक्षा चांगले वीस वर्षांनी मोठे, तरी मला 'गुरुजी' म्हणत. आमचं सूत जमलं ते पेटीमुळे, आणि पेटीचा संबंध होता त्यांच्या साक्षीशी.

आमच्या उपासनेत साक्ष देण्याची रीत आहे. कुणीही उभं राहावं आणि प्रभूनं आपल्यासाठी काय केलं ते चार लोकांत सांगावं. बहुतेकांच्या साक्षी साध्या असतात. कुणाचा ताप उतरलेला असतो, कुणाची हरवलेली म्हैस सापडलेली असते, कुणाच्या मुलीचं जमलेलं असतं. लोक 'आमेन' म्हणतात आणि पुढचा उभा राहतो. महादेवभाऊंची साक्ष मात्र जिल्ह्यात नावाजलेली होती. पुसदहून, पांढरकवड्याहून, ढाणकीहून सभेची बोलावणी यायची. त्यांना न्यायला जीप यायची, आणि जीपमध्ये त्यांच्या बाजूला मांडीवर पेटी घेऊन मी.

साक्ष अशी होती. तरुणपणी ते दारू पीत, मारामाऱ्या करत. मोठं आजारपण आलं. एका ख्रिस्ती कंपाउंडरनं त्यांच्यासाठी प्रार्थना केली, ते बरे झाले आणि त्यांनी विश्वास धरला. मग एके दिवशी घरच्या देव्हाऱ्यातले पाच पितळी देव त्यांनी धोतराच्या फडक्यात बांधले आणि अडाण नदीच्या डोहात सोडून दिले. आई धावत आली, काठावर उभी राहून शिव्याशाप देऊ लागली. "मी म्हणालो, आई, जिवंत देव माझ्याबरोबर आहे!" इथे ते थांबायचे. साक्ष देताना त्यांची भाषा एकदम पुस्तकी व्हायची. कित्येक दिवस आई जेवली नाही. "आणि मग एका पहाटे ती माझ्याजवळ आली. तिने हात जोडले. म्हणाली, महादेवा, तुझ्या देवाकडे मलाही घेऊन चल." बायका पदर डोळ्याला लावत. मागून कुणीतरी 'हालेलुया' म्हणे, की सगळा मांडव म्हणे.

त्या हात जोडण्याच्या जरा आधी मी पेटीवर हळूच सूर धरायचो. हे आम्ही कधी ठरवलं नव्हतं. एकदा सहज धरला, लोक रडले, मग दर वेळी धरत गेलो.

वाढत्या अंगाच्या पोरांच्या चड्डीत महादेवभाऊ आत थोडं कापड दाबून ठेवायचे, म्हणजे दर वर्षी उसवून सोडता येतं. साक्षही ते तशीच सोडत गेले. मी पहिल्यांदा ऐकली तेव्हा तिच्यात आई फक्त 'शांत झाली' होती. पुढे तिनं हात जोडले. आणखी पुढे ती उपासनेला येऊन पहिल्या रांगेत बसली. मला हे कळत होतं. मराठी शिकवणाऱ्या माणसाला गोष्ट कुठे वाढवली ते कळतंच. पण गोष्ट चांगली होत होती, आणि माझा सूरही.

साक्षीसाठी एक पांढरा शर्ट वेगळा होता. तो ते स्वतःच धुवायचे, स्वतःच इस्त्री करायचे, वहिनींनाही हात लावू देत नसत. सभेत दुसऱ्याचं प्रवचन चाललेलं असताना ते डोळे मिटून बसत. लोकांना वाटे, केवढे तल्लीन झालेत. मला शेजारून दिसायचं की ते ओठांनी स्वतःची उजळणी करताहेत. परतताना गाव संपायच्या आत विचारत, "कसं झालं आज, गुरुजी?" चांगलं झालं म्हटलं की पुढचा रस्ता ते गाणी म्हणत. दिग्रसला एकदा एका तरुण पोराची साक्ष त्यांच्यापेक्षा जास्त गाजली. त्या दिवशी सभेतलं जेवण त्यांनी केलं नाही, पोट बिघडलंय म्हणाले. घरी आल्यावर चार भाकरी खाल्ल्या, असं वहिनींनी मला दुसऱ्या दिवशी सांगितलं.

हे सगळं मी गमतीनं सांगतोय, कारण तेव्हा ती गंमतच होती. माणूस मनानं निर्मळ होता. गरिबाच्या पोराचा युनिफॉर्म तो पैसे न घेता शिवायचा. असल्या माणसाला एवढा एक शौक असेना का, असं आम्हा सगळ्यांना वाटायचं.

मग ढाणकीची सभा झाली. हरभरा सोंगणीचे दिवस होते, गर्दी दांडगी. महादेवभाऊंना चेव आला आणि त्यांनी अजून थोडं कापड सोडलं. "आईनं माझे पाय धरले," ते म्हणाले. मी चमकून त्यांच्याकडे पाहिलं, पण बोटं थांबली नाहीत. त्या सभेचा कुणीतरी मोबाईलवर व्हिडिओ काढला आणि तो घरोघरी फिरला.

दीड-दोन महिन्यांनी, एप्रिलच्या उन्हात, मी पँट कमी करायला दुकानात बसलो होतो. एक बाई पायरीशी येऊन उभी राहिली. साठीकडे झुकलेली, हातात कापडी पिशवी. ढाणकीकडच्या खेड्यातून दोन बसा बदलून आली होती.

"महादेव टेलर तुमीच काय?"

"हो. या, बसा बाई."

"ढाणकीले बोलले ते?"

"हो हो." महादेवभाऊंचा चेहरा उजळला. त्यांनी स्टूल पुढे केलं.

बाई बसली नाही. तिचं नाव गिरजाबाई. ती हळू आवाजात, जणू डॉक्टरला दुखणं सांगावं तसं सांगू लागली. "माहा पोट्टा रमेश तुमच्या सभेले आलता. दुसऱ्या दिवशी मी हरभरा सोंगाले गेलती. त्यानं घरातले पाच देव उचलले अन् पैनगंगेत टाकून आला. मी त्याले काही बोलली नाही. दारू सोडली त्यानं, बायकोले आता मारत नाही. पोट्टा चांगलाच वागून राह्यला. पण मले घरात बसवत नाही, भाऊ. देव्हाऱ्याकडे पाहवत नाही. मंग त्यानं मले तुमचा तो व्हिडिओ दाखवला. तुमच्या मायचे बी देव टाकलते, अन् तिनं हात जोडले म्हणते. म्हणून आली मी. तिनं कसे जोडले, तेवढं सांगा. मले जमून नाही राह्यलं."

ती भांडायला आली असती तर बरं झालं असतं. भांडणाला महादेवभाऊंकडे उत्तरं होती. ही बाई शिकायला आली होती.

मशीनच्या चाकावर ठेवलेला त्यांचा हात तिथेच राहिला. त्यांनी गळ्यातला टेप काढला, गुंडाळला, पुन्हा उलगडला. "चहा घेता काय, बाई?" ते म्हणाले. बाई म्हणाली, बस निघून जाईल. मग ते एवढंच म्हणाले, "मी येतो तुमच्या गावी."

ती गेल्यावर त्यांनी माझी पँट हातात घेतली आणि तशीच ठेवून दिली. "सोमवारी सुट्टी काढता काय, गुरुजी?"

सोमवारी आम्ही दोन बसा बदलून गिरजाबाईच्या गावी गेलो. मला वाटलं होतं, ते बाईसाठी प्रार्थना करतील, चार शब्द समजावून सांगतील आणि आम्ही परत येऊ. त्यांनी रमेशला घरातून बोलावलं आणि विचारलं, "कुठं टाकले? जागा दाखव." रमेश तिशीचा, धट्टाकट्टा, डोळ्यांत नवा विश्वास. महादेवभाऊ आपल्या घरी आले याचाच त्याला आनंद झाला होता. गिरजाबाईही मागून नदीवर आली.

उन्हाळ्यानं डोह उतरला होता, कमरेएवढं पाणी. महादेवभाऊंनी शर्ट काढला, दुकानात घडी घालावी तशी त्याची घडी घातली, माझ्या हातात दिला आणि पाण्यात उतरले. सत्तरीचा माणूस. वाकून हातांनी तळाची रेती चाचपू लागले.

रमेशला काही उमगेना. "भाऊ, हे काय करून राह्यले?"

"तू कायले काठावर उभा? उतर खाली." ते वर न पाहता बोलले. "मी तवा उतरलो नव्हतो."

"तवा कवा?"

महादेवभाऊ सरळ झाले. त्यांच्या हातांतून पाणी गळत होतं. "माही माय पदर खोचून डोहात गेलती. पावसाळ्याचं पाणी होतं. शिव्याशाप काही दिले नाही तिनं. ती देव हुडकून राह्यली होती. अन् मी काठावर उभा राहून मोठ्यानं प्रार्थना करत होतो. तिले एकबी सापडला नाही. घरी गेली ते माह्याशी बोललीच नाही, मरेपर्यंत. अन् मी लोकायले सांगतो, तिनं हात जोडले."

रमेशनं माझ्याकडे पाहिलं. मी घडी केलेल्या शर्टाकडे पाहिलं. मग तो उतरला. थोड्या वेळानं शर्ट काठावर ठेवून, पँट दुमडून मीही कडेकडेनं उतरलो, पण माझ्या हाताला काही लागलं नाही.

दुपार कलेपर्यंत चार देव मिळाले. पाचवा रेतीत कुठे गेला तो गेलाच. गिरजाबाईनं ते एकेक करून पदरानं पुसले. घरी आल्यावर ती म्हणाली, आत या. महादेवभाऊ अंगणातच बसले. तिनं चहा बाहेर आणून दिला आणि उंबऱ्यावर टेकली.

"तुमच्या मायले सापडले नाही, मंग तिनं काय केलं?"

"रिकाम्या देव्हाऱ्यापुढं दिवा लावत राह्यली," महादेवभाऊ म्हणाले. "रोज."

त्यांचा कप रिकामा झाला तसा बाईनं न विचारता पुन्हा भरला. रमेश भिंतीला टेकून मान खाली घालून बसला होता. निघताना महादेवभाऊंनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "प्रभूले सोडू नको. फक्त टाकाचे असन तर आपले टाकजो. मायचे नको टाकू."

आम्ही दारव्ह्याला पोचायच्या आत बातमी पोचली होती. साक्ष देणारा महादेव टेलर नदीतून मूर्ती काढत होता! संध्याकाळी पाळकसाहेब दुकानात आले. माणूस चांगला, तरुण, मंडळी सांभाळता सांभाळता घाबरून गेलेला. "महादेवभाऊ, लोक म्हणतात तुम्ही मागे फिरलात. मी त्यांना काय सांगू?"

"चोरीचा माल परत देऊन आलो, साहेब."

"पण मूर्ती होत्या त्या!"

"तिच्या होत्या," महादेवभाऊ म्हणाले. "माही वेगळी हाये. रविवारी आणतो."

पाळकसाहेबांना ते कळलं नाही. खरं सांगायचं तर मलाही नाही.

रविवारी साक्षीची वेळ आली तेव्हा ते उभे राहिले. पांढरा शर्ट नव्हता, दुकानातलाच चौकड्यांचा होता, खिशाला खडू लागलेला. माझी बोटं सवयीनं पट्ट्यांवर गेली.

"गुरुजी, आज पेटी नको."

आणि पुस्तकी भाषाही नव्हती. त्या जागेवर उभं राहून त्यांना घरच्या बोलीत बोलताना मी पहिल्यांदाच ऐकलं. मायची खरी हकीकत त्यांनी जशी नदीत सांगितली होती तशी सांगितली. मग म्हणाले, "मी पाच देव टाकले म्हणून इतकी वर्षं तुमी माहा मान केला. ते पाच मायचे होते. टाकताना माहं काही गेलं नाही. माहा सहावा होता, तो मी कधी टाकला नाही. तो म्हणजे ही साक्ष. तिले मी मायच्या दुःखातून घडवलं. इस्त्रीचा शर्ट घालून गावोगावी फिरवलं. तुमी रडले की मले वाटे, पूजा झाली. प्रभूचं नाव मी तिच्यासाठी वापरत होतो. आज ती इथं टाकून देतो. आता माह्यापाशी प्रभूशिवाय सांगाले काही नाही. त्याले सगळं ठाऊक होतं, तरी त्यानं मले हाकललं नाही. एवढंच."

ते बसले. कुणी 'आमेन' म्हटलं नाही. पाळकसाहेबांनी घाईघाईनं पुढचं भजन सांगितलं आणि मी चुकीच्या पट्टीत सुरू केलं. उपासनेनंतर लोक त्यांना टाळून चपला शोधत राहिले. आमच्या मंडळीतल्या एक जुन्या बाई मी पेटी बंद करत असताना माझ्याजवळ येऊन म्हणाल्या, "पहिली साक्षच बरी होती ना, गुरुजी." मी मान हलवली. ती होकारासाठी हलवली की कशासाठी, हे मी त्यांना कळू दिलं नाही.

त्यानंतर महादेवभाऊ शेवटच्या सतरंजीवर बसू लागले. त्यांचे ओठ आता प्रवचनात हलत नसत. ते ऐकत. भजनं म्हणत, आणि तेव्हा कळलं की त्यांना सूर अजिबात नव्हता. इतकी वर्षं ते म्हणतच नव्हते, स्वतःच्या पाळीची वाट पाहत बसायचे. प्रार्थनेला गुडघे टेकले की सगळे उठले तरी ते उठत नसत. पांढरा शर्ट त्यांनी रमेशला दिला, म्हणाले, शेतात घाल. मी एकदा विचारलं, आता मोकळं वाटत असेल ना? सुईकडे पाहत म्हणाले, "माफी भेटली, गुरुजी. माय नाही भेटली." ज्यांच्याकडे तो व्हिडिओ होता त्यांच्याकडे ते स्वतः जात आणि पुसून टाका म्हणून विनवत. काहींनी पुसला. पण तो कुठून कुठून फिरतच राहिला, अजून फिरतो. त्यात त्यांचा आवाज आहे आणि आई पाय धरते त्याच्या जरा आधी वर चढणारी माझी पेटी आहे. पुढे ते वारले, त्यानंतरही माझ्या मोबाईलवर तो दोनदा आला, खाली लोकांची 'आमेन'.

मी त्यांना खऱ्या अर्थानं पाहिलं ते त्याच वर्षी, मृगाच्या आधी, त्यांच्या दुकानातच. माझी तीच पँट, अजून कमी व्हायची राहिलेली. बाहेर जीप थांबली. पांढरकवड्याकडचे दोघं जण उतरले, चांगले कपडे, हातात मोबाईल. मोठी सभा ठेवली होती. महादेवभाऊंनी यावं आणि 'तो आईचा प्रसंग' नक्की सांगावा.

"तो खोटा हाये," महादेवभाऊ म्हणाले.

दोघं हसले. त्यांना तो विनय वाटला.

"प्रभूबद्दल बोलाले येतो."

"बोला ना भाऊ, पायजे तेवढं बोला. पण शेवटी आईचं घ्याच. लोक त्याच्यासाठीच येतेत."

"नाही."

त्यांनी चहा घेतला. फोन करतो म्हणाले. जीप वळली, धूळ दुकानात आली, महादेवभाऊंनी कापडावरची झटकली. फोन आला नाही हे वेगळं सांगायला नको.

"वाईट वाटलं काय, गुरुजी?"

"नाही," मी म्हणालो. जीप थांबली तेव्हा, पेटी मागच्या सीटवर ठेवावी की मांडीवर घ्यावी, एवढा विचार माझा करून झाला होता.

त्यांनी माझ्याकडे चष्म्यावरून पाहिलं, मग सुईत दोरा ओवला.

"मले वाटलं," ते म्हणाले. "आजबी वाटलं."

मग मशीनवर पाय ठेवला आणि माझ्या पँटला टीप घालता घालता ते भजन म्हणू लागले, अगदी बेसूर.